नदी, लांबीने

एकतीस वर्षं तू फेरीबोट चालवलीस,
रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
नदी तुला फक्त आडवी ठाऊक.
स्कूटरी, पाववाला, शाळेची पोरं,
एकदा तर अख्खं वऱ्हाड बँडबाजासकट,
सगळ्यांना पलीकडे सोडून
तू आपला परत अलीकडे.
निवृत्त झालास त्या रात्री जेवताना म्हणालास,
सोयरू म्हणतो, आता लांबीने जायचं.
(स्वतःला नावाने हाक मारतोस
तेव्हा तू ऐकणार नाहीस, हे मला कळतं.)

माझ्या मांडीवर अर्धा वळेसर होता,
अबोलीचा, केळीच्या ओल्या सोपटात गुंफलेला.
बोटं मिटत नव्हती.
डॉक्टर म्हणाला होता, थंड पाण्यात हात घालू नका.
फुलं विकणाऱ्या बाईला!
तू म्हणालास, खाली दक्षिणेला पाणी ऊन असतं.
कोण म्हणतं?
खलाशी म्हणतात.
कुठले, ते सांगितलं नाहीस.

बाझिलियोची जुनी होडी.
शिडाला कापड पुरेना म्हणून
माझ्या दुकानाची निळी ताडपत्री शिवली.
जिने वीस वर्षं फुलांवर सावली धरली
ती आता वारा धरायला शिकत होती,
आणि शिकताना फडफडत होती फार.

सरळ समुद्रात नाही गेलो.
भरतीबरोबर वर, मग कुंभारजुव्याच्या पाण्याने
आतल्या आत जुवारीकडे.
बाणस्तारीच्या पुलाखाली डोलकाठी आडवी केली.
गुरुवार होता. वर बाजार.
माझ्या जागेवर कोण बसलंय
ते खालून काही दिसेना,
नुसते आवाज, कोंबड्या, कुणीतरी कुणाला तरी ठेवणीतली शिवी.
वरून पाण्याची एक रिकामी बाटली पडली.
तू ती उचलून होडीत ठेवलीस.

खाजणाच्या बांधावर मगर पडली होती,
जबडा उघडा टाकून, जशी कुणाची वाटच बघत नाही.
तू वल्हं अलगद वर घेतलंस.
मी हात जोडले.
माहेरी पौषातल्या अवसेला आम्ही चिखलाची मगर करायचो,
पाठीवर शिंपल्यांचे खवले दाबायचो एकेक.
तेव्हा बोटं कशी रुतायची चिखलात.
तिला बहुतेक ओळख पटली. हलली नाही.

जुवारीच्या तोंडाशी खरी गंमत.
बार्जी मागे पडल्या, आणि समोर काहीच उरलं नाही.
तू उभा राहिलास.
एकतीस वर्षं समोरचा धक्का बघत चालवलंस,
आणि आता धक्काच नाही.
पलीकडे कुठेय गं, म्हणालास,
अगदी पोरासारखं.
सुकाणू तुझ्या हातात,
पण दोर सैल होत चाललेला.
मी तो घेतला आणि बांधला.
दुसरी गाठ मला येत नाही,
फुलांची येते तीच बांधली.
रात्री मतलई वारा सुटला, होडी कलली,
गाठ धरून राहिली.

बेतूलला साखर भिजली, त्यावरून भांडलो.
काब द रामच्या कड्याखालून जाताना
अबोला होता, त्यामुळे कडा नीट बघता आला.
आगोंदला तू बिनसाखरेचा चहा केलास
आणि चांगला झालाय म्हणालास, दोनदा.

तळपणच्या तोंडाशी दुपार.
पाणी उथळ, खालची वाळू दिसेल इतकं.
मी काठावरून वाकून हात सोडला,
मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत.
एकेक बोट मिटत गेलं.
मूठ झाली.
कितीतरी दिवसांनी पुरी मूठ, पाण्याखाली,
तुला दिसणार नाही अशी.

ऊन आहे का? तू विचारलंस.
शीड उतरवायला दोराशी हात नेलेला.

मी हात बाहेर काढून पदराला पुसला.
नाही रे, म्हटलं,
अजून थोडं खाली बघू.