जवारी

जुफेरच्या हॉटेलात, नवव्या मजल्यावरचा बार.
करार सहा महिन्यांचा : रोज तीन सेट, गुरुवारी चार,
जेवण स्टाफच्या कँटीनमध्ये.
बँडचं नाव मिदोरी देन्वा. म्हणजे हिरवा टेलिफोन,
चिझुरुनं सांगितलं, आमच्या स्टेशनबाहेर असायचा.
मी म्हटलं, आमचा लाल होता, पानपट्टीवर, रुपया टाकायचा.
तेवढ्यावर ओळख झाली.

विमानातून उतरले तेच बेलबॉटम घालून,
कॉलर खांद्यापर्यंत, गोंदाच्या मिशा खऱ्या.
ज्या सालातले कपडे, त्या सालात
चौघांतला एकही जन्मला नव्हता.
कस्टमवाल्यानं ऑर्गन उघडायला लावला,
आत व्हॉल्व्हची रांग. हे काय?
कुराता कमरेत वाकून म्हणाला, जुनं आहे.

कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली,
केबल गुंडाळता गुंडाळता :
आमागासाकीत रेल्वेच्या पुलाखाली गॅरेज,
वरून गाडी गेली की तिचाच ताल धरायचा.
पहिली तबकडी, तीनशे प्रती,
साठ गोंदाच्या आईनं घेतल्या.
मग शेवयांच्या जाहिरातीत अकरा सेकंद,
आणि त्या अकरा सेकंदांवर
दोन हजारांचं सभागृह, तीन रात्री, उभं राहायला जागा नाही.
नंतर कंपनी म्हणाली, आता जरा नवीन काही.
कपडे बदलून पाहिले आम्ही, चिझुरु म्हणाली,
आणि उगाचच जॅक पुसत बसली.
ट्रंपेटवाला गावी परतला, बापाच्या टोफूच्या दुकानात.
पहाटे तीनला उठतो.
तेव्हा इथं रात्रीचे नऊ. पहिला सेट
त्याच्यासाठी असतो, असं ते एकमेकांत म्हणायचे.

बाकी कोणासाठी, देव जाणे.
गुरुवारी पुलावरून गाड्या यायच्या, खलाशी यायचे,
फर्माइश त्याच चार गाण्यांची.
स्वतःचं एकच गाणं वाजवायची परवानगी, शेवटी,
खुर्च्या टेबलांवर चढत असताना.
फक्त नरबहादुर, हातात ग्लासांचा ट्रे,
एक पाय हलवायचा. ग्लास हलत नसत.

एप्रिलात चिझुरुच्या बासची जाड तार बिनसली.
मॅनेजर म्हणाला, बघ रे.
मी मिरजेचा. आडनाव सतारमेकर,
पासपोर्टवर त्यातलं एक अक्षर कमी.
अब्बा घोडीवर कानस फिरवायचे,
तारेखाली दोरा सरकवायचे, इकडे, तिकडे,
आणि एका जागी तंबोरा एकदम बोलायला लागायचा.
मी ते शिकलो नाही. डिप्लोमा केला, इकडे आलो.
त्यांनी जन्मभर तारेत झणकार भरला,
मी एकवीस वर्षं स्पीकरमधली घरघर
काढून टाकायचा पगार घेतो.
तरी त्या रात्री गणवेशाच्या बटणाचा दोरा उसवला,
तारेखाली घातला, केसभर मागे घेतला.
तिनं छेडली. थांबली. परत छेडली.
हा पहिल्या तबकडीतला आवाज, म्हणाली.
खोटं असेल. पण मी बिनबटणाचा
आठवडाभर हिंडलो.

ऑगस्टात करार वाढला नाही.
त्यांच्या जागी एक मुलगा आला, एक लॅपटॉप घेऊन.
ऑर्गन अठ्ठावन्न किलो. जादा वजनाचे पैसे
चौघांच्या मिळूनही खिशात नव्हते.
नंतर नेतो, कुराता म्हणाला,
ऑर्गनसमोर वाकला, मग माझ्यासमोर.

आता तो स्टोअरमध्ये आहे,
लग्नाच्या खुर्च्या आणि प्लास्टिकच्या खजुरीच्या मागे.
नऊला कोणी नसलं की मी जातो, बटण दाबतो.
व्हॉल्व्ह लाल व्हायला दीड मिनिट लागतं,
तोवर हात लावायचा नाही.
मग सगळ्यात खालची पट्टी दाबून धरतो.
मला वाजवता कुठं येतं.
घरघर येते.
ती मी काढत नाही.