कुणाची जीभ

किड्याने नेमकं जनावरच खाल्लं होतं.
उरलं होतं ग्लोसोन, म्हणजे जीभ.
कुणाची, ते भोकात गेलेलं.

शलीता पान दिव्यापुढे धरायचा,
भोकातून त्याचा एक डोळा मला दिसायचा.
"बैलाची जीभ नावाचं एक झुडूप असतं," म्हणायचा,
"कुत्र्याची जीभ असते. कोकराचीही.
आणि पुढे लिहिलंय, रस काढून
लेकराच्या तोंडातल्या फोडांना लावावा.
आता सांगा, लावायची कुठली?"

नसीबीनच्या पुलाजवळची ती खोली.
खाली चामडं कमावणाऱ्यांचे हौद,
वास थेट शाईत उतरायचा.
शलीता ग्रीकमधून सुरयानीत आणायचा,
हनीलाई सुरयानीतून अरबीत तोंडी सांगायचा,
मी उतरवून घ्यायचो.
शुक्रवारी मी नसायचो, शनिवारी हनीलाई,
रविवारी शलीता.
आठवड्याचे चारच दिवस हाती,
त्यातला एक भांडणात जायचा.

माझ्या पणज्याचा आजा उक्काशा
या गावात घोड्यावरून आला, भाला घेऊन.
वेशीवर तह झाला, रक्त सांडलं नाही,
असं आमच्या घरी सांगतात.
शलीताच्या घरी काय सांगतात
ते मी कधी विचारलं नाही.
जिझियाच्या महिन्यात दोघंही
गळ्यात शिशाची मोहोर बांधून यायचे.
वाकले की ती फळीवर टकटक वाजायची.
मी मान खाली घालून बोरू तासायचो.
त्या महिन्यात माझे बोरू फार लवकर संपायचे.

पण जीभ या शब्दाशी
आम्हाला कधी थांबावं लागलं नाही.
लेश्शाना, म्हणाला शलीता.
लाशोन, पुटपुटला हनीलाई.
मी आधीच लिसान लिहून मोकळा झालो होतो.
तिघांच्याही ओळी उजवीकडून निघायच्या,
एकटं ग्रीक समोरून यायचं,
अरुंद बोळात लादलेलं गाढव यावं तसं.

हनीलाईने दुकानातून तीन पुड्या आणल्या.
उघडल्या तर तिन्हींत सारखाच करडा चुरा.

त्या गुरुवारी
शेळ्या राखणारी रैता ताकाचा बुधला द्यायला वर आली.
शलीता वैतागून मोठ्याने वाचत होता:
पान जमिनीला चिकटलेलं,
पाठीवर सात शिरा.
ती काही न बोलता खाली गेली
आणि पायाला नदीचा चिखल घेऊन परत आली.
"माझ्या पोरीला हेच लावलं होतं," म्हणाली.
"कोकराची जीभ."

शलीताने पान भोकावर ठेवलं.
आम्ही मोजू लागलो, ज्याच्या त्याच्या भाषेत,
आणि सातावर तिघं एकदमच पोचलो.
मग शलीताने भोकात गेलेली अक्षरं
हलकेच म्हणून पाहिली, आर्नो,
हरवलेल्या जनावराला हाक मारावी तशी.

हनीलाई तेवढ्यावर मानणारा नव्हता.
त्याने पान स्वतःच्या हिरडीवर घासलं.
मग शुक्रवार आला, शनिवार आला, रविवार आला.
सोमवारी पायरीवरूनच म्हणाला, "लिही."

मी लिहिलं. आणि समासात, बारीक अक्षरात:
हे रैताकडून कळलं,
ती नदीकाठी शेळ्या राखते.

ज्याने पैसे दिले होते त्याचा कारकून आला.
शलीताचं नाव त्याने राहू दिलं,
हनीलाईचं जरा कुरकुरत.
समासावर बोट ठेवून म्हणाला, "हे काय?"
आणि कमरेची सुरी काढली.

चामड्यावरचं अक्षर खरवडलं की जातं.
खरखर जात नाही.
आता माझी नजर अधू झालीय, ग्रंथ कुठे आहे ठाऊक नाही.
पण कुणी तो उघडून वाचत असेल
तर त्या पानाच्या डाव्या कडेवरून
एकदा अंगठा फिरवून पाहा.