दोन जादा स्क्रू

वादी कबीरमध्ये दुपारी शटर अर्धं खाली ओढतो,
तरी ऊन फटीतून सरपटत आत येतंच.
शाजी मोबाइल बघून सांगतो, अठ्ठेचाळीस.
पान्ह्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.
हे दिवस पान्हा फडक्यात धरायचे.

टेबलावर मशिदीतून आलेला पाण्याचा कूलर.
नवाच, दीड वर्षाचा.
थंड करत नाही, एवढीच तक्रार.
मी त्याच्याभोवती दोनदा फिरलो,
चोर बंद घराभोवती फिरतो तसा.
एकही स्क्रू नाही.
पाठ गुळगुळीत, कडेत कड बसलेली,
सांध्यात गोंद, सुकून हाड झालेला.

ज्याने ह्याचं चित्र काढलं तो हुशार असणार.
कारखान्यात एक पोरगी गोंदाची रेघ ओढते,
दुसरी दाबून धरते अकरा सेकंद,
की पुढचा.
स्क्रू पिळणं वाचलं, पोरींची मनगटं वाचली.
कळतं मला. खेडच्या आयटीआयत
आम्हालाही घड्याळ लावूनच शिकवलं.
पण बाबा रे,
आत पंख्याची मोटर आहे मुठीएवढी, दोन रियालची.
तिच्यापर्यंत जायला तुझी भिंत फोडावी लागते
आणि फोडली की कूलर उरत नाही,
पत्रा उरतो.

पत्र्याची वाट जोहूर बघत असतो,
हातगाडी आणि तराजू घेऊन.
तांबं एका पोत्यात, ॲल्युमिनियम दुसऱ्या.
पण पत्र्याला फोम चिकटलेला, फोमला प्लास्टिक,
ही सोयरीक काही सुटत नाही.
मग तो रात्री डोंगराआड नेऊन जाळतो
आणि दोन दिवस खोकतो.
विचारलं तर म्हणतो, धूळ.

गेल्या रमजानच्या आधी
ह्याच टेबलावर एक पंखा आला होता.
मत्राहची उम्म सालिम स्वतः घेऊन आली, टॅक्सीने, मांडीवर.
हिरवा, बिडाचा, माझ्या थोरल्या मुलीहून मोठा.
खुर्चीत बसली आणि म्हणाली,
दुरुस्त करणार आहेस की नवा विकणार आहेस?
चार स्क्रू, चारी एका मापाचे.
झाकण हातात आलं.
आत वायरींचा नकाशा, शाई उडालेली,
आणि बुडाशी ओतकामातच ठेवलेला एक खळगा,
खळग्यात मेणकागदाची पुडी,
पुडीत दोन जादा स्क्रू.

कुठल्या देशात, कोणत्या साली,
पंखा अजून जन्मायचा असताना
कुणीतरी ठरवून टाकलं होतं
की एक दिवस कुणाच्या तरी हातून
स्क्रू घरंगळेल, टेबलाखाली जाईल, सापडणार नाही.
माझी घामेजली बोटं त्याने कधी पाहिली नव्हती.
आणि खरंच, त्या दिवशी एक घरंगळला.
पुडीतला लावला.
मग डब्यात अर्धा तास शोधून
तसाच एक पुडीत परत ठेवला.
उम्म सालिम बघत होती. काही बोलली नाही,
पैसे मात्र घासाघीस न करता दिले.

तर आज, कूलर.
चालू करून तळव्याने पाठ चाचपली,
गरम नळी कुठून जाते ते खडूने आखलं,
आणि ग्राइंडरने चौकोन कापला, बेताचा.
मोटर दहा मिनिटांत बदलली.
कापलेला तुकडा पुन्हा बसवला,
चार कोपरे, चार भोकं, चार स्क्रू.
शाजी म्हणाला, हमदुले, ठिगळ दिसतंय.
दिसू दे.
पुढच्या वेळी हे कोण उघडेल,
त्याला मल्याळम येत असेल की उर्दू की नेपाळी, कुणास ठाऊक,
म्हणून आतून मार्करने फक्त मोटरचा नंबर लिहिला
आणि एक बाण.
खाली पिशवीत चिकटवले दोन.

संध्याकाळी जोहूर आला, रिकामी गाडी ओढत.
ठिगळावरून हात फिरवून म्हणाला,
माझं पोट मारलंस.
बस, म्हटलं, चहा घे.
बसला,
आणि कप हातात धरून बराच वेळ खोकत राहिला.