बावीस हजार, मोटर वेगळी

फौंड्रीच्या वहीत एकवीस वर्षं
मी दुसऱ्यांचे लेथ लिहिले:
घसारा, बेअरिंग बदललं, ऑइल दोन लिटर.
हात एकालाही लावला नाही.
उद्यमबागेच्या गेटातून बाहेर पडताना
पदराला लोखंडाचा वास, तेवढाच काय तो संबंध.

आता त्याच वहीच्या मागच्या पानावर
माझ्या अक्षरात माझा खर्च.
लाकडाचा लेथ, जुना, खानापूरचा, बावीस हजार.
मोटर वेगळी.
पटाश्या सहा, धारेचा दगड, चक,
डोळ्यांना चष्मा, टेम्पोचं भाडं,
आणि एक ओळ रिकामी,
कारण काहीतरी राहतंच.
बेरीज केली. पान उलटलं. पुन्हा केली.
मेली तेवढीच आली.

जागा म्हणाल तर मागच्या पडवीत,
वॉशिंग मशीन हातभर सरकवलं तर.
आवाजाचं भय नाही. वडगावात राहतो आम्ही,
भिंतीपलीकडे चार माग पहाटेपासून खडखडतात,
तक्रार करायची तर पहिला नंबर माझा.
परशराम काही बोलला नाही.
टेप घेऊन पडवी मोजून आला
आणि बशीत चहा ओतताना विचारलंन्,
"त्याच्यावर करणार काय?"

हे तेवढं वहीत नव्हतं.
लाटणं बाजारात साठ रुपयांना मिळतं.
पाळण्याचे खूर कुणाला हवेत आता?
मी म्हटलं, "गोल काहीतरी."
मग बराच वेळ
आम्ही दोघं बशीकडे बघत बसलो.

रविवारी खानापूरला गेले.
ईरण्णा बडिगेरच्या शेडमध्ये फणसाचा पिवळा भुसा
त्याच्या भुवयांत, कॅलेंडरवर, घड्याळाच्या काचेवर.
"याआधी काय कातलंय?"
"काही नाही."
"बरं झालं," म्हणाला, "वाईट सवयी न्हाईत."
ठोकळा अडकवला, पट्टा फिरला,
मी पटाशी टेकवली
आणि ठोकळा सुटून पत्र्यावर आदळला.
बाहेरची कोंबडी गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत गेली.

"पाठ टेकव आधी, अक्का. धार मागनं.
लाकूड हूं म्हणू दे, मग काप.
सावकाश."

त्याच्या कन्नडात सावकाश, माझ्या मराठीतही सावकाश.
ह्या शब्दाची पाटी दोनदा रंगवावी लागत नाही.

दुसरा ठोकळा चिरला.
तिसऱ्यावर पाठ टेकली, कोपर कमरेला लागलं,
आणि अचानक एक लांब साल सुटली,
गरम, ओलसर,
माझ्या मनगटावरून खाली, खाली, चपलेपर्यंत.
एकवीस वर्षांत एवढं लांब काही
माझ्या हातून सलग निघालं नव्हतं.

जेवणवेळेपर्यंत एक भोवरा झाला.
ईरण्णा त्याला बुगुरी म्हणाला,
खाली आर ठोकून दिली, लाकडाचे तीस रुपये घेतले.
मी पर्स उघडीच ठेवून म्हटलं, "ॲडव्हान्स किती देऊ?"
"मशीन विकायची गडबड मला न्हाई.
तुलाच घ्यायची झालीया.
आणि चार रविवार ये. मग बोलू."

देसूर येईपर्यंत मला त्याचा राग आला होता.
माझे पैसे, माझी पडवी, हा कोण?
नंतर भोवरा पिशवीतून काढला
आणि वास घेत बसले.
शेजारची बाई सरकून बसली.

रात्री स्वयंपाकघरात फिरवला.
भोवरा म्हणा, बुगुरी म्हणा,
वाकडाच फिरतो,
एका अंगाला कलून, कुणाला तरी शोधल्यासारखा.
परशराम मोबाइलवर वेळ लावून उकिडवा बसलेला.
"अकरा सेकंद," म्हणाला. मग, "परत."

वहीतल्या रिकाम्या ओळीत मी लिहिलं: अकरा सेकंद.
आता बेरीज जुळत नाही.

ईरण्णाला फोन केला.
ठरलं नाही अजून, म्हटलं. रविवारी येते.
फणस संपला असेल तर आंबा चालेल.