शाईची जाडी

आमच्या कार्यालयात हिरव्या शाईच्या सात बाटल्या,
पिवळ्याच्या दोन, त्यातली एक वाळलेली.
पिवळा म्हणजे राहा, हिरवा म्हणजे राहू नका,
असं नव्या पोराला शिकवलं, तर हसला,
म्हणाला, काका, आता संगणक भरतो रंग.
भरू दे.
मंजुरीची प्रत अजून माझ्याच हातची लागते,
खाली सही माझी नसली तरी.

मार्डी रस्ता सोडून आत गेलं की हिंगळेवाडी.
गावठाणाची हद्द पणजोबांच्या काळातली,
माणसं तिच्यातून कधीच उतू गेलीत.
मावळतीला माळ, माळावर माळढोकाचं राखीव क्षेत्र.
पक्षी शेवटचा कधी दिसला यावर गावात तीन मतं,
वनखात्यात एक,
तेही पेन्सिलीनं लिहिलेलं.

प्रारूप आराखडा चावडीवर डकवला,
पोलिओच्या कागदाशेजारी. हरकतींना तीस दिवस.
एकवीस आल्या. एकोणीस एकाच अक्षरात:
रस्त्याकडेचे गट पिवळे करावेत ही विनंती.
अक्षर कुणाचं, ते मी सांगणार नाही, प्लॉटवाल्याला मेहुणा एकच आहे.
एक शाळेच्या म्हेत्रे गुरुजींची: हिरवा वाढवा.
आणि एक नुसता अंगठा.

तायव्वा बंडगर. घरकुल मंजूर,
पहिला हप्ता खात्यावर पडून.
दोनशे एकोणसत्तर चौरस फूट, चूल त्यातच.
दाखला पाहिजे, जागा रेषेच्या आत की बाहेर.

मी पट्टी ठेवली. भिंग लावलं.
आत नव्हती. बाहेरही नव्हती.
प्रमाण एकास दहा हजार,
माझ्या पेनाचं टोक अर्धा मिलिमीटर,
म्हणजे जमिनीवर पाच मीटर.
बाईचं अख्खं घर माझ्या शाईखाली.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, बोला, काय म्हणणं?

"मी काय म्हणू ओ.
फॉरेस्टवाला म्हणतो, पाखराला तरास होतोय.
त्याचं अंडं बघितलंय मी. घरटं न्हाई, काडी न्हाई,
उघड्या भुईवर एकच, ढेकळागत.
शंभर मेंढरं लांबनं वळवली,
कुत्र्याच्या गळ्याला पदर बांधून दुपारभर बसले.
तवा रेघ नव्हती.
तवा त्यानंबी इचारलं न्हाई, तू आत का भायेर."

लिपिकानं इतिवृत्तात लिहिलं:
अर्जदारास पक्ष्याबाबत हरकत नाही.

मी साहेबांना हळूच विचारलं,
रेषेची आतली कड धरायची की बाहेरची?
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
प्रकरण मार्गदर्शनासाठी पुण्याला गेलं.

रविवारी टेप घेऊन मीच एसटीनं गेलो.
वाटेत प्लॉटिंगची कमान लागली, 'माळढोक नगरी',
वर रंगवलेला पक्षी, बदकासारखा,
आणि पिवळे-पांढरे दगड, ओळीत, जिथं नकाशावर अजून हिरवं आहे.
पुढं तायव्वाच्या जागेवर चुन्याचे चार ठिपके,
मधे तीन दगडांची चूल, तिच्यावर चहा.
मी टेप धरला, तिनं दुसरं टोक.
रेषा चुलीवरून जात होती, नाहीतर चुलीच्या अलीकडून,
नाहीतर मला तसं वाटावं असं मला वाटत होतं.

तिनं विचारलं, तुमचं घर कंच्या रंगात हाय?

माझं?
जुळे सोलापुरात. गुंठेवारीत.
नकाशावर तिथं बाग आहे.
रंग मीच भरलाय, वीस वर्षांपूर्वी,
दोन हात देऊन, ओघळ न येऊ देता.

ती हसली नाही. बशी पुढं केली.

सोमवारी टेबलाशी बसलो तर पायमोज्यात कुसळ.
उपटून नकाशावर ठेवलं.
पुण्याहून अजून काही आलेलं नाही.
पोरगा विचारतोय, काका, ही रेघ जराशी हलली का,
आणि मी म्हणतोय, पंख्याचा वारा असेल,
कागद दाबून धर.