व्यवसायाचा प्रकार

बोरीच्या पुलाअलीकडे, जिना चढून डावीकडे माझं ऑफिस.
एकतीस वर्षं अमळनेरात रिटर्नं भरतोय,
डाळमिलची, सरकीची, सोन्याच्या घडणावळीची.
केळीचं मात्र काही विचारायचं नसतं,
शेती म्हटलं की कायदा डोळे मिटून घेतो.

जुलैची सत्तावीस तारीख.
पोर्टल दमेकऱ्यासारखं धापा टाकतंय
आणि समोर लोकेश बडगुजर, वय तेवीस,
धुळे रस्त्यावरच्या वेल्डरचा मुलगा.
मागे बाकावर त्याची आई, मांडीवर पिशवी.

"काका, मी सर्व्हर चालवतो."
मला ठाऊक असलेला सर्व्हर एकच,
तलाठ्याकडचा, कायम बंद.
याचा बंद पडत नाही.
पडलाच, तर ब्राझीलमधला कुणी अकरा वर्षांचा किल्लेदार
पहाटे तीनला याला उठवतो.

विकतोस काय?
नावापुढे लावायचा एक सोनेरी शब्द.
एक निळी टोपी.
आपल्या कुंपणात दुसऱ्याने खोदू नये, एवढी हमी.
माल कुठाय?
माल नाही.
गोदाम?
जर्मनीत, भाड्याचं. मीही पाहिलेलं नाही.

मी यादी खाली ओढत गेलो. लाकूड, लोखंड, वाहतूक, दलाली,
मंडप, आइसकँडी, मासे...
व्यवसायाचा प्रकार निवडा, म्हणतं पोर्टल,
आणि कर्सर लुकलुकतो, लुकलुकतो.

मग खर्च. सर्व्हरचं भाडं, इंटरनेट,
वीज जाते म्हणून इन्व्हर्टर,
आणि महिना दोन हजार परेश नावाच्या मित्राला,
रात्री शिवीगाळ करणाऱ्यांना हाकलायला.
हे कशात घालू?
मी लिहिलं, राखणदार.
केळीच्या बागेला असतो तसा.

जमा अकरा लाख चाळीस हजार.
खर्च जाता आठ लाख बारा.
मी चष्मा काढला. जुनी खोड, तोंडातून निघून गेलं,
"मामाची केळी आहे ना सावद्याला?
थोडं तिकडे दाखवता येईल."

लोकेश काही बोलला नाही. माऊस बघत राहिला.
बोलली ती बाकावरून,
"गल्ली म्हनस, पोऱ्या सट्टा खेयस.
इतला पैसा कथाईन उना, इचारतस.
माले कागद जोयजे भाऊ. सरकारना."

पंखा फिरत होता. खालून उसाच्या चरकाची घुंगरं.
मी चष्मा पुन्हा घातला
आणि यादीच्या तळाशी जाऊन निवडलं,
इतर.

कर सदतीस हजार सहाशे पन्नास.
वर व्याज.
"व्याज कशाचं काका?"
आगाऊ भरायचा असतो, चार हप्त्यांत.
"कमवायच्या आधीच?"
कमावता कमावता.
तो हसला. जगभरातून पैसे वेळेवर गोळा करणारा पोरगा,
त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं.
ओटीपी दोनदा आला, दोनदा शिळा झाला.
तिसऱ्यांदा पैसे गेले.
कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांचा खाऊ
डॉलरमधून रुपयात येऊन
माझ्या खोलीतून दिल्लीला गेला,
आवाज झाला फक्त प्रिंटरचा.

पावती तिनं दोन्ही हातांनी घेतली.
उलटीसुलटी केली.
"शिक्का?"
आता नसतो शिक्का, ताई. सगळं ऑनलाइन.
तिचा चेहरा असा झाला
की जणू मीही गल्लीतलाच.

खालचा ड्रॉवर अडकतो, जरा उचलून ओढावा लागतो.
जे. डी. मालपुरे, कर सल्लागार.
रबर कडक झालेलं, पॅड वाळलेलं,
पेल्यातलं पाणी बोटानं शिंपडलं.
कायद्यात या शिक्क्याला काडीची किंमत नाही,
हे मला माहीत, लोकेशला माहीत.
पहिला उठला फिका. दुसरा त्याच्यावरच, जरा तिरपा.

ती फुंकत बसली
जांभळी शाई सुकेपर्यंत,
मग विचारलं, खालच्या झेरॉक्सवाल्याकडे
लॅमिनेशनला किती घेतात.