चार बोटं

आधी आवाज आला.
म्हणजे मला नाही, वृंदाला.
मी म्हटलं, ग्रीस कमी पडलं असेल,
आणि नाक्यावरून डबा आणला.
ती म्हणाली, कुरकुर नाही ही, कण्हणं आहे.
ऐरोलीच्या पोस्टात पार्सलं तोलत
उभी हयात काढलेली बाई,
वजन हातानं ओळखते
आणि ओझं कानानं.

मग ते तिरकं दिसू लागलं.
डावा कोपरा टेकायचाच नाही,
चार बोटांची फट राहायची.
उजवा मात्र धाडकन आपटायचा,
रो-हाउसची सगळी ओळ दचकायची.
मी उजवीकडे टायरचा तुकडा ठेवला.
मग वीट.
मग एके सकाळी रिमोट दाबला तर
शटर कंबरेइतकं वर आलं
आणि तिथेच थरथरत राहिलं.
जळका वास.

मी मोटरलाच बोल लावला.
गॅरंटीचा कागद शोधला, फोनवर आवाज चढवला.
जी राबते तिलाच आपण आधी जाब विचारतो.

रबाळ्याहून मुबीन परकार आला,
चपला दारात काढून, गॅरेजच्या.
आधी त्यानं मोटर सोडवली.
म्हणाला, काका, आता हातानं उचला,
अर्ध्यावर आणा
आणि सोडून द्या. पाय बाजूला.
सोडलं.
असं कोसळलं की भिंतीवरचं कॅलेंडर
दोन महिने पुढे उडालं.

‘चांगलं शटर सोडाल तिथे थांबतं,’ तो म्हणाला.
‘जड असतंच, पण हाताला लागत नाही.
आपोआप वर पळतं ते जास्त ताणलेलं,
खाली येतं ते दमलेलं.’
वृंदानं माझ्याकडे पाहिलं.
मी शटरकडे.

मग मी खिशातला पाना दाखवला, परवाच घेतलेला,
मोबाइलवर बघून मीच पिळणार होतो स्प्रिंग.
त्यानं तो हळूच काढून घेतला,
लहान मुलाच्या हातून सुरी घ्यावी तसा,
आणि बाही वर केली.
कोपरापासून मनगटापर्यंत पांढरी रेघ.
‘घणसोली. एकच आटा सुटला होता.’
पुढे काही बोलला नाही.
वृंदानं त्याच्या चहात साखर जास्त घातली.

वरचा डबा उघडला, तर उजवी स्प्रिंग तुटलेली,
खाडीच्या वाऱ्यानं खाल्लेली,
कधीपासून ते त्यालाही सांगता येईना.
डावी एकटीच ओढत होती. आणि मोटर.
‘फक्त उजवी बदल,’ मी म्हटलं.
‘मग नवी जुनीला फरफटत नेईल. जोडीच घाला.’
मी सवयीनं घासाघीस केली,
पाचशे रुपये जिंकलो,
आणि दिवसभर बरं वाटलं नाही.

आता आवाज नाही.
दोन्ही टोकं एकदम टेकतात,
पोस्टाच्या पाकिटाचा गम चिकटावा तशी.

तिसऱ्या रात्री बाहेर कुणीतरी ओरखडू लागलं.
टॉर्च घेऊन खाली गेलो.
गाडीमागच्या सतरंजीत एक गोल खळगा,
तपकिरी केसांचा, अजून ऊब धरून ठेवावा तसा,
आणि त्यात दोन मिटलेल्या डोळ्यांची पिल्लं,
माझ्या अंगठ्याएवढाली तोंडं.
म्हणजे इतके दिवस
आमच्या बिघाडातून कुणाची तरी ये-जा होती.

वृंदा एक शब्द बोलली नाही.
मोटरची कळ सैल केली, वाकली.
उजवा खांदा वर्षभर दुखतोय तिचा,
त्याच हातानं उचललं,
डाव्या हाताची बोटं आडवी धरून मोजली.
चार.
सोडलं.

मी पाय बाजूला घेतले.

थांबलं.